राख पळाली का?

इकडं सरक गं वैशू, जरा जवळ ये. कागदावर बोलतेय म्हणून बसच्या खिडकीतून बघितल्यासारखं लांबून वाचू नकोस. समोर असतीस तर कान धरला असता तुझा. नाहीस, म्हणून इथंच धरते. परवा मुरुडच्या लग्नात पंगतीत बसून शेजारणीला काय सांगत होतीस? “आमच्या अप्पांना मिलनं काढून टाकलं होतं, कामावर झोपले म्हणून.” आणि वर हसलीस. मी मागंच उभी होते, वरणाची बादली घेऊन. तुझ्या पानावर वरण वाढलं आणि काही न बोलता पुढं गेले. गेली कितीतरी वर्षं मी हेच करत आलेय, काही न बोलता पुढं जाणं. आता थकले बाई. हातपाय थकले ते थकलेच, पण ते न बोललेलं वागवून जास्त थकले.

तर ऐक. तुझ्या आजोबांना कुणी काढलं नाही. ते झोपलेही नव्हते. ते का गेले हे लातुरात दोघींनाच नीट ठाऊक, एक मी आणि दुसरी ओढ्याकाठची रुक्मिणबाई. पण ते एका वाक्यात सांगून तुला कळायचं नाही. आधी अप्पा कळायला पाहिजेत. तू बघितलेस ते कंधारच्या ओट्यावर डोळे मिटून बसलेले अप्पा. मिलमधले अप्पा निराळे.

आमची मिल सोयाबीनचं तेल काढायची आणि साफ करायची. नवरा गेला तेव्हा मी तिथं झाडायला लागले. दोन लेकरं पदरात, शाळा दुसरीपर्यंत. अक्षरं मी नंतर मिलमधल्याच गोण्यांवरची बघून बघून लावली, म्हणून माझ्या लिहिण्याला थोडा सोयाबीनचा वास येईल, चालवून घे. तर तेल साफ करायला पाणी लागतं, टाक्या धुवायला लागतं, फरशीला लागतं. ते सगळं पाणी तेल पिऊन नालीत येतं आणि नाली मिलच्या मागं एका हौदात उतरते. त्या हौदावर अप्पा.

हौद म्हणजे काय, तर तीन खणांची लांबट टाकी. पहिल्या खणात पाणी शिरलं की त्याची चाल मोडायची, ते संथ व्हायचं, आणि तेल हळूहळू वर येऊन सायीसारखं पसरायचं. दोन खणांच्या मध्ये एक भिंत, पण ती तळाला टेकलेली नाही, खाली हातभर फट. पाणी त्या फटीतून पुढं जातं, तेल वर अडकतं. अप्पा लांब दांड्याची लाकडी फळी घेऊन ती साय कडेला ओढायचे आणि पिंपात भरायचे. पुढच्या खणात तुरटी, त्याच्या पुढं गाळ बसायची जागा, मग हवेच्या टाक्या, आणि शेवटी पाणी ओढ्याला. दिवसभर हेच. पावसाळा नाही, उन्हाळा नाही. मला तर नुसतं बघून कंटाळा यायचा.

माझा पहिलाच दिवस. हौदाजवळ खराटा मारत होते. तर एक टक्कल पडलेला माणूस, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मला हाका मारतोय.

“ए बाई, डोस्क्याला तेल लावलंस का?”

मला वाटलं, हा कसला माणूस! मी खराटा उचललाच.

“मारायचं मग मार. आदी हिकडं बघ.” त्यांच्यासमोर पितळी होती, तीत शेवटच्या टाकीचं पाणी. खिशातून डबी काढली, चिमूटभर भस्म पाण्यावर भुरभुरलं. पिठासारखं पसरलं ते. “आता तुझ्या येणीला बोट लाव, आन् पाण्याला निस्तं टेकव.”

मी टेकवलं. आणि राख पळाली बघ! माझ्या बोटापासून चारी बाजूंनी पळाली आणि पितळीच्या काठाला जाऊन चिकटली. मी हातच मागं घेतला.

“पळाली! म्हंजी पाणी साफ हाय. वर आदीच तेलाचा पापुद्रा आसता, तर तुझ्या तेलाला पसरायला जागाच न्हवती. राख जागची हलली नसती.”

“आन् तुमच्या डोस्क्याचं तेल काय झालं?”

त्यांनी टकलावरून हात फिरवला. “हितं काय लावू? फरशीला तेल लावतेत व्हय कुणी?”

तेव्हापासून माझी वेणी म्हणजे हौदाचं सामान झाली. रोज सकाळी अप्पा हाक मारायचे, “सुमन, बोट दे.” बायका चिडवायच्या, सुमनची वेणी मिलनं विकत घेतली म्हणून. तेल लावायला विसरले तर अप्पा असे बघायचे, जशी मी कामावर यायचीच विसरले.

भस्म देवाचं आणि पाणी गटाराचं, म्हणून मठातल्या एका जंगम स्वामींनी त्यांना एकदा टोकलं होतं. अप्पा म्हणाले, “स्वामी, कपाळाला लावलेलं माझ्या एकट्याच्या कामाचं. ह्ये गावाच्या कामाचं.” स्वामी जाताना स्वतःच्या डबीतलं थोडं भस्म अप्पांच्या डबीत ओतून गेले.

अप्पांचे वडील मुरुडला बैलाच्या घाण्यावर करडईचं तेल काढायचे. अप्पा म्हणायचे, “बापानं करडईतून काढलं, मी नालीतून काढून राहिलो. घरचा धंदा काय सोडला न्हाई.” हे सांगताना हसायचे, पण ते हसू फळीच्या दांड्यासारखं झिजलेलं होतं. त्या हौदाचा वास माणसाच्या हाडात मुरतो. एसटीत अप्पा बसले की शेजारचा माणूस उठून जायचा. “बरं हाय की,” म्हणायचे, “पाय लांब करून चाकूरपतुर जातो बहिणीकडं. तुम्हाला मिळती का दोघांची जागा?” एकदा मात्र मीच बरोबर होते. शेजारची बाई नाकाला पदर लावून उठली, तेव्हा ते हसले नाहीत. दस्ती काढून स्वतःचेच हात पुसत राहिले, लातूर ते चाकूर.

जेवायला बसले तर अजून तऱ्हा. भाजीवरची तर्री चमच्यानं कडेकडेला ओढायचे, सगळी एका बाजूला जमवायचे, मग खालचा रस्सा खायचे. मुद्दाम नाही, हात आपोआप चालायचा. एका लग्नात वाढप्यानं विचारलं, “अप्पा, तिखट लागायलंय का?” मी म्हणाले, “न्हाई रे, ते डूटीवर हायेत.” अप्पांनी चमच्याकडं बघितलं आणि एवढे हसले की ठसका लागला.

त्यांचं एक पालुपद होतं: “फुरसत द्या, आपोआप वर येतं.” तेलाबद्दल म्हणायचे, पण भांडणाला, तापाला, हट्टी लेकराला, सगळ्याला हेच औषध. कधीकधी मला राग यायचा. माझं पोरगं दहावीला नापास झालं तेव्हाही हेच. मी म्हणाले, “अप्पा, वर येतंय तोवर माझा जीव जायलाय.” तर म्हणाले, “माझा काय राहिलाय व्हय? दिवसभर बघत बसावं लागतं म्हणूनच तर माणूस थकतो. फळी वडून कुणी थकत न्हाई.” आता मला त्याचा अर्थ लागतो.

पण हे म्हणणारा माणूस साहेबापुढं मात्र अडून बसायचा. साहेबांना घाई. मोठा पंप लावा, हौद लवकर मोकळा करा. अप्पा म्हणायचे, “सायेब, पाणी पळवलं की तेल त्येच्यासंग खालून पळतं. मग माझा उपेग काय, मी काय शर्यत बघायला बसलोय?” साहेबांनी पंप लावलाच. दुपारी शेवटच्या टाकीच्या पाण्याची पितळी घेऊन अप्पा साहेबांच्या टेबलावर गेले, मला बोलावलं, बोट टेकवायला लावलं. राख हलली नाही. पंप उतरवला. अप्पांनी त्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही, हे मला लई आवडलं होतं.

आणि असंही समजू नकोस की त्यांना वाटायचं आपल्यालाच सगळं कळतं. एकदा पाणी तपासायला बाहेरून एक मुलगी आली, बाटल्या घेऊन, तुझ्यासारखीच बारीक. अप्पांनी मोठ्या ऐटीत राख पळवून दाखवली. ती म्हणाली, “आजोबा, हे वरचं झालं. पाण्याच्या आत दुधासारखं विरघळलेलं तेल असलं तर ते वर येतच नाही, तुमच्या राखेला ते दिसणार नाही.” आणि बाटलीत दाखवलं तिनं. अप्पा बराच वेळ ती बाटली उन्हात धरून बसले. मग म्हणाले, “बरोबर हाय तुझं, माय. माझी राख वरचंच सांगती, आतलं न्हाई.” आणि तिला विचारलं, तेल असं दूध होतं कशानं? ती म्हणाली, साबणानं. सोड्यानं.

त्या दिवसापासून मिलच्या बायकांना सक्त ताकीद. फरशीवर तेल सांडलं तर आधी भुसा टाकायचा, भुशानं तेल पिऊ द्यायचं, तो झाडून काढायचा, मग नुसतं पाणी. साबण नालीत नाही. ही ताकीद बायकांपर्यंत पोचवायचं काम माझं होतं. मी तोवर त्यांची मुकादम झाले होते. हे ध्यानात ठेव.

आता रुक्मिणबाई. मिलच्या खाली ओढा जातो, त्याच्या काठाला तिचा चार एकराचा तुकडा आणि एक हीर. मी लागण्याआधी कधीतरी हौद फुटला होता आणि ओढ्याचं पाणी चढलेलं असल्यामुळं तेलाचं पाणी हिरीच्या ढासळलेल्या कडेनं आत गेलं. म्हशी तोंड लावेनात. मिलचं कुणी आलं नाही. अप्पा गेले. इंजन लावून हीर उपसायला महिनाभर मदत केली, आणि हिरीच्या काठावर उभं राहून जबान दिली, “रुक्मिणबाई, पुन्हा माझ्या हौदाचं तेल तुझ्या हिरीत आलं, तर मी त्या मिलचं तोंड बघणार न्हाई.”

रुक्मिणबाई तोंडानं फटकळ. ती म्हणाली होती, “तू नको बघूस, माझ्या म्हशी बघायल्यात का तुझ्या मिलचं तोंड? त्यांला पाणी दे म्हंजी झालं.” पण अप्पांनी ते मनावर घेतलं होतं. दर सोमवारी, उपासाच्या दिवशी, काम सुटल्यावर पितळी घेऊन हिरीवर जायचे, मला बरोबर न्यायचे. वरचं पाणी अलगद शेंदायचं, राख टाकायची, माझं बोट. पळाली की त्याच पाण्याची ओंजळ भरून प्यायचे. मगच उपास सोडायचे. रुक्मिणबाई म्हणायची, “देवळं काय कमी हायेत लातुरात, म्हणून माझ्या हिरीला येतोस रे अप्पा?” आणि गुळाचा खडा आणून द्यायची. कितीतरी वर्षं असं चाललं. एक सोमवार चुकला नाही.

मग ते वर्ष आलं. अप्पांना साठ पुरायला, म्हणजे मिलमधून निवृत्त व्हायला, सात-आठ महिने उरले होते. खंडेनवमी तोंडावर होती. तुला माहीतच आहे, आपल्याकडं खंडेनवमीला मशिनी धुऊन पुसून पुजतात, विळ्या-कुऱ्हाडीपासून मोटारीपर्यंत. मिलमध्ये तर मोठाच सोहळा. त्या वर्षी साहेब नवीन, आणि मालकाच्या घरच्या बायका पूजेला येणार होत्या. साहेब म्हणाले, फरशीत तोंड दिसलं पाहिजे. अष्टमीच्या दुपारी त्यांनी अप्पांना गंजगोलाईत पाठवलं, झेंडूची फुलं आणि कोहळे आणायला. अप्पांना घासाघीस केल्याशिवाय फूल घेता येत नव्हतं, तीन तास तरी गेले.

इकडं आम्ही धुवायला लागलो. परतीच्या पावसात भुसा भिजून गोळा झाला होता. कालचं तेल फरशीवर तसंच, घसरून एकजण पडली. घड्याळ पुढं पळतंय. गोदामात धुण्याच्या सोड्याची गोणी होती, साबणाची पावडर होती. बायका म्हणाल्या, “मुकादमीण, सांगा, काय करावं?” आणि मी म्हणाले, “फोडा. वरसातून एकदा काय हुतंय?” मी म्हणाले गं. दुसऱ्या कुणी नाही. ऊनऊन पाणी सोडलं, अर्धी गोणी ओतली, उरलेलीचं तोंड बांधून मी ती कोपऱ्यात सारली, खराट्यानं फेस केला. फरशी अशी निघाली की खरंच तोंड दिसलं. मी त्यात माझं बघितलं आणि खूश झाले.

अप्पा संध्याकाळी फुलांची दोन पोती घेऊन आले. दमले होते. फुलं ठेवली, कोहळे ठेवले आणि घरी गेले. इतक्या वर्षांत एकच संध्याकाळ, ज्या संध्याकाळी त्यांनी जाताना हौद बघितला नाही.

नवमीला सकाळी अप्पा हौदाची पूजा करायला आले. दरवर्षी करायचे, फळीला हळदकुंकू, हौदाच्या कट्ट्याला झेंडूची माळ. लोक हसायचे, गटाराची पूजा म्हणून. मी नारळ घेऊन मागं होते. अप्पा कट्ट्यावर थांबले ते थांबलेच. हौद ताकासारखा पांढरा. वर साय नाही. एवढं तेल धुतलं आणि वर चमचाभर नाही. सगळं पाण्यात दूध होऊन खालच्या फटीतून गेलेलं, आणि जातच होतं.

ते ओरडले नाहीत. माळ कट्ट्यावर ठेवली, पोती ओली करून काळ्या मातीनं फट बुजवायला उतरले, पूजेचं धोतर नेसून. मग तेजाब, म्हणजे ॲसिड, मागवलं. जपून, थोडं थोडं घालायचं असतं ते, आणि फळीनं हलवायचं. दुपारपर्यंत पाणी फाटलं, आणि तेल वर यायला लागलं, एक-एक पदर. साबणानं धरून ठेवलेलं ते सुटलं. हौदात होतं तेवढं वाचलं. जे गेलं ते गेलं, आणि ओढ्याला परतीच्या पावसाचा चढ होता.

साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. “साबण कुणी टाकला?” बायका माझ्याकडं बघेनात, इमानी होत्या बिचाऱ्या. मी जमिनीकडं बघत होते. दोन लेकरं, दुसरी नोकरी नाही. तेवढ्यात अप्पा म्हणाले, “सायेब, हौद माझा हाय. त्येच्यात काय येतं ते बघायचं काम माझं. काल सांजच्याला मी बघितलं न्हाई.” एवढंच. त्यातूनच पुढं कुणी ‘अप्पा झोपला’ केलं, आणि ते फिरत फिरत तुझ्या पंगतीपर्यंत आलं.

दसरा झाला. सोमवार आला. अप्पा म्हणाले, “सुमन, चल.” हिरीचं पाणी वर आलेलं. अलगद शेंदलं, पितळीत घेतलं, राख भुरभुरली. मी वेणीला बोट लावलं, टेकवलं.

राख बसून राहिली.

अप्पांनी पितळी धुतली, दुसरं पाणी घेतलं. बसून राहिली. तिसऱ्यांदा तर मी देवाचं नाव घेऊन टेकवलं. हलली नाही गं. रुक्मिणबाई शेजारी उभी होती, ती फटकळ बाई, तिलाही समजलं. म्हणाली, “राहू दे अप्पा. आपण उपसू की. दोन पावसात धुऊन जाईल.”

“जबान दिली हुती, बाई.”

“जबान मी ठेवून घेतली न्हवती. घेऊन जा तुझी तुला.”

अप्पा कसंनुसं हसले. पितळी दस्तीत गुंडाळली. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या हातात कागद दिला. साहेबांनी समजावलं, अप्पा, आठ महिने राहिलेत, चूक कुणाचीही होते. अप्पा म्हणाले, “म्हणूनच तर जबान देतेत, सायेब.” त्यानंतर महिनाभर ते रोज रुक्मिणबाईच्या हिरीवर जायचे, इंजन लावून उपसायला, ढासळलेली कड बांधायला. मिलच्या रस्त्यानं जात नव्हते, शेतातून वळसा घालून जायचे. मी वरून बघायची, पाठीतून वाकलेलं ते टक्कल उन्हात. खाली जायचं धाडस नव्हतं. जाऊन काय सांगणार होते? पुढं तुझी आजी गेली, अप्पांचे डोळे अधू झाले, तुझ्या आईनं त्यांना कंधारला नेलं. त्यांनी तोवर राख पळालेली बघितली नव्हती. रुक्मिणबाई ओरडून सांगायची, म्हशी पितायत, मी पितेय. पण अप्पांचा विश्वास राखेवर.

मी मिलमध्ये राहिले. फरशी धुवायची म्हटलं की आधी भुशाचं पोतं उघडून बघायची, कोरडा आहे का.

चार वर्षांनी मिल सुटली माझी, आणि मग मला जरा धीर आला. एका सोमवारी रुक्मिणबाईकडं गेले, हिरीचं वरचं पाणी घ्यायला. आधी घरात बरणी शोधली, हाताला आली लोणच्याची, तेलानं माखलेली. माझं मलाच हसू आलं आणि मग हसू गेलं. दुसरी नवी काचेची घेतली, राखेनं तीनदा घासली. साबण नाही लावला. ती मांडीवर धरून एसटीनं कंधारला आले, किल्ल्याच्या कडेकडेनं तुमच्या घरी. तू नांदेडला वसतिगृहात होतीस. तुझ्या आईनं दार उघडलं.

अप्पा ओट्यावर बसले होते. एवढेसे झाले होते. आवाजावरून ओळखलं, “सुमन? आज वार कंचा?”

“सोमवार. हिरीचं पाणी आणलंय, अप्पा.”

त्यांनी हात पुढं केला. तुझ्या आईनं पितळी आणली, तीच, कड चेपलेली. मी पाणी ओतलं. त्यांनी स्वतःच्या डबीतून चिमूट घेतली, न बघताही राख सारखी पडली. “बोट दे.”

मी वेणीला बोट लावलं, टेकवलं.

“पळाली का?”

राख बसून राहिली होती. वैशू, त्यांना दिसत नव्हतं. मी “पळाली” म्हणाले असते तर कुणाला कळलं असतं? पण एकदा गप्प बसून मी त्या माणसाची नोकरी घालवली होती. मी म्हणाले, “न्हाई, अप्पा. हलली न्हाई.”

हात पुढं करून त्यांनी माझं डोकं चाचपलं, वेणी हातात घेतली, बोटांनी चोळून बघितली, नाकाला लावली.

“आज न्हाऊन आलीस व्हय गं? शिकेकाईचा वास यायलाय.”

खरंच की! गावाला जायचं म्हणून सकाळीच केस धुतले होते, तेल लावलं नव्हतं. कोरड्या बोटानं राख कशी पळणार?

“तुला धुयाचं लई याड, सुमन,” अप्पा म्हणाले. “खंडेनवमीलाबी आसंच धुतलं हुतंस. सोड्याची गोणी म्या कोपऱ्यात बघितली हुती. तोंडाला तुझी गाठ हुती.”

माझी गाठ. मी गोणीची दोरी सोडते आणि पुन्हा बांधते ती उलटी, डावखुरी आहे ना. इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं. मी रडायला लागले. ते म्हणाले, “रडू नको, पाण्यात पडंल. सुलोचना, तेलाची बाटली आण.”

तुझ्या आईनं खोबऱ्याचं तेल आणलं. अप्पांनी ते आधी माझ्या भांगात घातलं, पांढऱ्या झालेल्या, आणि हातानं जिरवलं, लेकीच्या डोक्यावर जिरवतात तसं. मग म्हणाले, “आता लाव.”

मी बोट टेकवलं आणि राख पळाली. पितळीच्या काठाला जाऊन चिकटली.

“पळाली, अप्पा.”

“खरं?”

तुझी आई म्हणाली, “खरंच पळाली, अप्पा. मी बघितली.”

त्यांनी बरणी चाचपून उचलली, उरलेल्या पाण्यानं ओंजळ भरली आणि प्यायले. हनुवटीवरून ओघळलेलं दस्तीनं पुसलं. मग म्हणाले, “चला, उपास सोडू.” मी त्यांना पाहिलं ते तेवढंच. महिन्याभरात अप्पा गेले, लिंगैक्य झाले.

तुझ्या आईनं हे तुला सांगितलं नाही, कारण मी तिला शपथ घातली होती. आज ती सोडते. ती शेजारीण कोण होती ती शोध आणि तिला खरं सांग, माझ्या नावासकट.

आणि ये गं लवकर. नांदेडहून लातूर काही परदेश नाही. सोमवारी ये. पितळी आईकडून घेऊन ये, रुक्मिणबाई अजून आहे, आणि अजून फटकळच आहे. आपण दोघी हिरीवर जाऊ. माझ्या डोक्यावर आता फारसं काही उरलं नाही, तेव्हा तू येताना तुझ्या केसांना तेल लावून ये.